पंचेचाळीस डॉलरच्या सह्या

फोन टिंग करून वाजला की लॉर्ना पेर्कोच्या हातात जे काही असेल ते खाली पडायचं. कधी चमचा, कधी झाडू, एकदा तर अंड्यांचा अख्खा ट्रे. त्या टिंगमागे काम असायचं, आणि फोनवर ज्याचं बोट आधी टेकेल त्याला ते मिळायचं. आजूबाजूच्या शंभर मैलांतले सगळे नोटरी एकाच क्षणी आपापल्या फोनवर झडप घालायचे. लॉर्नाचा अंगठा पडेपर्यंत पडद्यावर ओळ उमटलेली असायची, 'हे काम दुसऱ्याला दिले आहे.'

"परत गेलं?" मागच्या दारातून गिलने विचारलं. गिल तिचा नवरा. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याने परसातल्या मिरच्यांना वाहून घेतलं होतं.

"डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं! गिल, माणूस आहे की काय आहे ते?"

"तू अंगठ्याला तेल लाव थोडं."

"तू तुझ्या मिरच्या बघ."

लॉर्नाचा धंदा सांगायला सोपा होता. कुणी घरावर कर्ज काढलं, किंवा जुनं कर्ज फेडून कमी व्याजाचं नवं घेतलं, की त्याची दीडशे-दोनशे पानं छापायची, गाडीत टाकून त्या माणसाच्या घरी जायचं, ओळखपत्र बघायचं, जिथे जिथे सही हवी तिथे ती घ्यायची, आपला शिक्का मारायचा आणि गठ्ठा त्याच दिवशी कुरिअरला द्यायचा. महामारीच्या काळात व्याजाचे दर तळाला गेले आणि सगळ्या देशाला एकदमच कर्ज बदलायची घाई झाली. तेव्हा लॉर्ना एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसायची. नोटरीची परीक्षा देऊन तिने शनिवार-रविवारी सह्या घ्यायला सुरुवात केली, आणि दोन महिन्यांत डॉक्टरला नमस्कार करून बाहेर पडली. एका कामाचे दीडशे डॉलर मिळायचे आणि दिवसाला तीन कामं असायची. लोकांना घरात कुणाला घ्यायची भीती वाटायची, म्हणून तिने गाड्यांच्या बॉनेटवर सह्या घेतल्या, अंगणात घेतल्या, एकदा घोड्याच्या तबेल्यात घेतल्या. प्वेब्लो शहराच्या चारी बाजूंचे रस्ते तिला पाठ झाले. पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदाच तिच्यावर कुणी साहेब नव्हता, आणि ते तिला फार आवडलं होतं.

मग व्याजाचे दर चढले. स्वस्तातलं कर्ज ज्यांच्याकडे होतं ते त्याला मिठी मारून बसले. कामं आटली आणि नोटरी मात्र वाढले, कारण तोवर घरबसल्या पैसे कमवायच्या व्हिडिओंनी निम्म्या गावाच्या हातात शिक्के दिले होते. बँक आणि नोटरी यांच्यामध्ये बसून कामं वाटणाऱ्या कंपन्यांना हे कळायला वेळ लागला नाही. दीडशेचे सव्वाशे झाले, मग नव्वद, मग साठ. वर प्रत्येक पान स्कॅन करून पाठवायचं, तेही त्याच पैशांत. लॉर्ना फोन करून भांडायची, तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणायचा, "मॅडम, तुमच्याच भागात एक जण आहेत, त्या याहून कमीत घेतात. आणि दोन सेकंदांत घेतात."

त्या! म्हणजे बाई होती तर. त्या दिवसापासून घरात तिचं नाव पडलं, विजेची बाई. गिल तिचं वर्णन करायचा. पंचवीस वर्षांची असेल, दोन्ही हातांत दोन फोन, झोपतानासुद्धा बूट घालून. लॉर्नाला हसू यायचं आणि हसता हसता रागही यायचा.

सप्टेंबरमध्ये एक दिवस स्वतःहून फोन आला. एव्हनडेलच्या गार्लिच नवरा-बायकोच्या सह्या हव्या होत्या आणि ऐंशी डॉलर मिळणार होते. हल्लीच्या मानाने हा खजिनाच. लॉर्नाने दोन प्रती छापल्या, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि शेतांमधून गाडी काढली. रस्त्याकडेला टरबुजांचे ढीग लागले होते. खिडकी उघडी ठेवून ती गुणगुणत पोचली, तर गार्लिचांच्या अंगणात एक जांभळी गाडी उभी, आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी एक म्हातारी पीचचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, खात बसलेली. वय सत्तरीच्या पुढे, ओठांना लाल रंग, कानात शंखांचे डूल. तिच्यापुढे तेच कागद, तोच गठ्ठा.

"या या," मार्टी गार्लिच म्हणाला. तो वेल्डर होता, हात धुऊन सह्यांसाठी तयार बसला होता. "अजून किती जणी येणार आहेत? नोरीन, पाय पुरेल ना?" त्याने बायकोला विचारलं.

"मी लॉर्ना पेर्को, नोटरी," लॉर्ना म्हणाली.

"मी वेस्टा किंताना," म्हातारी काटा खाली ठेवत हसली. "मीही नोटरीच. बस ना पोरी. पाय झकास झालाय."

लॉर्नाने कंपनीला फोन लावला. तिथल्या एका माणसाने काम फोनवर टाकलं होतं आणि दुसऱ्याने त्याला न विचारता लॉर्नाला दिलं होतं. थोडा वेळ संगीत ऐकवून निकाल आला, की जी आधी पोचली तिने सह्या घ्याव्यात आणि दुसरीने परत जावं. दुसरीला काय मिळणार? दुसरीला कंपनीकडून दिलगिरी मिळणार.

लॉर्ना गाडीकडे निघाली, तशी वेस्टा तिच्यामागून अंगणात आली. "थांब गं. मला खरंच वाईट वाटतंय. तूच घे हे काम. माझा तर पायही खाऊन झाला."

"नको. नियम तो नियम." लॉर्नाने दार उघडलं, आणि मग तिला राहवलं नाही. "तुम्हाला किती देतायत याचे?"

"पंचेचाळीस."

"पंचेचाळीस?" लॉर्नाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "दोन सेकंदांत काम घेणाऱ्या त्या तुम्हीच का?"

वेस्टाचा चेहरा फुलला. "तुझ्यापर्यंत पोचलं? चाळीस वर्षं बिंगो खेळलेय मी. एका वेळी बारा-बारा कार्डं! माझ्या बोटापुढे कुणी टिकत नाही."

"अहो, पण पंचेचाळीसमध्ये परवडतं कसं? शाई, कागद, पेट्रोल…"

"परवडायचं कशाला? एर्नी गेला, मुलं डेन्वरला. बिंगोला गेले तर तिथे तीस डॉलर मोजून चार माणसांत बसायचं. इथे लोक मला घरी बोलावतात, कॉफी देतात, लग्नाचे फोटो दाखवतात, आणि वर मलाच पैसे देतात!"

लॉर्नाच्या डोक्यात गेल्या वर्षभरातली एकेक हुकलेली टिंग वाजत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या करमणुकीपायी माझा धंदा बसला. तुमच्यात आणि संपफोड्यात काय फरक आहे? संपफोड्याच आहात तुम्ही!"

पोलादाच्या कारखान्यातला लांबलेला संप पाहिलेल्या प्वेब्लोत माणूस कुणाच्या आईवरून बोलेल, देवावरून बोलेल, पण हा शब्द वापरत नाही. वेस्टाचं हसू जागच्या जागी विझलं. ती वळली आणि हळूहळू पायऱ्या चढून आत गेली.

घरी येऊन लॉर्नाने सगळं गिलला सांगितलं. विजेची बाई पंच्याहत्तरीची आहे आणि जांभळ्या गाडीतून फिरते हे ऐकून गिल इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. "बिंगो! अगं, तिचं म्हणणं चुकीचं कुठे आहे? मीही जातो उद्यापासून, पाय खायला."

"आणि मी तिला संपफोडी म्हणाले."

गिलचं हसणं थांबलं. "कुणाला म्हणालीस?"

"तिलाच. वेस्टा किंताना नाव आहे."

"एर्नीची वेस्टा?" गिलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लॉर्ना, आमच्या संपात पहिल्याच हिवाळ्यात गेटवर रोज दुपारी बीन्सचं पातेलं कोण आणायचं? एर्नी किंतानाची बायको. शाळेच्या कँटीनमध्ये सगळ्या पोरांना वाढायची आणि सुटली की तशीच गेटवर यायची. तू तेव्हा आपल्या दोन लहान पोरांच्या मागे होतीस, तुला कुठे माहीत असणार. एर्नीला कारखान्याने तीन वेळा परत बोलावलं होतं, चांगले पैसे देऊन. तो नाही गेला. आणि ती त्याला जा म्हणाली नाही. त्या बाईला तू हा शब्द वापरलास?"

लॉर्ना ओट्याशी उभी होती. तिने उगाचच नळ सोडला आणि बंद केला.

त्या रात्री गिलने शोधून दिलेल्या नंबरवर तिने फोन केला. वेस्टाने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि एक चमत्कार झाला. टिंग वाजलं, लॉर्नाने अंगठा ठेवला आणि काम मिळालं! दुपारी आणखी एक मिळालं. त्या आठवड्यात तिला जेवढी कामं आली तेवढी सहा महिन्यांत आली नव्हती. विजेची बाई मैदानातून उठून गेली होती. लॉर्ना साठ-साठ डॉलरच्या सह्या घेत गावभर फिरली, आणि प्रत्येक घरी कुणी कॉफी पुढे केली की तिची कानशिलं तापायची.

"मला चैन नाही," ती गिलला म्हणाली.

गिल अंगणात मिरच्या भाजत होता. जाळीचं पिंप फिरत होतं आणि सगळ्या गल्लीला ठसका लागला होता. त्याने काळ्या पडलेल्या गरम मिरच्यांची मोठी पिशवी भरली, तोंड बांधलं आणि तिच्या हातात दिली. "मग माझ्याकडे काय बघतेस? जा."

वेस्टाचं घर नदीपलीकडे होतं, छोटंसं, पिवळं. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"मिसेस किंताना, मी माफी मागायला आलेय."

वेस्टाने तिला खालून वरपर्यंत बघितलं, मग पिशवीचा वास घेतला. "कुणाच्या बागेतल्या?"

"माझ्या नवऱ्याच्या. गिल पेर्को. तो एर्नीबरोबर संपात होता."

"ये आत. मिरच्यांसाठी दार उघडतेय हां, तुझ्यासाठी नाही."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. वेस्टाने मिरच्यांची सालं काढायला घेतली, लॉर्नानेही बाह्या वर सारल्या. हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

"मी तो शब्द वापरायला नको होता," लॉर्ना म्हणाली. "तुम्ही कोण आहात हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत नव्हतं म्हणूनही वापरायला नको होता."

"लागला मला," वेस्टा म्हणाली. "तीन दिवस जेवण गेलं नाही. पण का लागला, सांगू? खोटा असता तर मी तुझ्या पाठीत छत्री घातली असती. मला वाटलं, हा फोन म्हणजे यंत्र आहे. वाजतो, बोट ठेवायचं. पलीकडे कुणी हरतंय हे दिसतच नाही ना! बिंगोत निदान हरलेली बाई समोर असते, तोंडावर शिव्या देते. एर्नी असता तर म्हणाला असता, वेस्टा, पंचेचाळीस डॉलरला तू दुसऱ्याचं ताट ओढलंस."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"आता ठाऊक झालं." तिने एक मिरची उलगडून बिया काढल्या. "पण पोरी, मग मी मंगळवारी जाऊ कुठे? बुधवारी तरी कुठे जाऊ? तू सांग. भिंतीशी किती बोलू?"

लॉर्ना काही बोलणार एवढ्यात दोघींचे फोन एकदम वाजले. टिंग. टिंग. वेस्टाचं बोट सवयीने उठलं आणि हवेतच थांबलं. डोंगरातल्या वेस्टक्लिफ गावी जायचं होतं, जाऊन-येऊन तीन तास. चाळीस डॉलर. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कुणी हात लावला नाही. काही वेळाने पुन्हा टिंग, पन्नास.

"माझ्या अंगठ्याला इतकी वाट बघायची सवय नाही," वेस्टा कुजबुजली.

"इतक्या लांब चाळीस-पन्नासात तुम्ही जाणार नाही असं सांगा की त्यांना. तुमचं तुम्ही सांगा. मी माझं नेहमीच सांगते, माझं कुणी ऐकत नाही."

"सांगायचं? म्हणजे फोन करून बोलता येतं त्यांच्याशी?" वेस्टाने हात पुसले. आजवर तिने फक्त बोट ठेवलं होतं. बोलता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने नंबर लावला आणि खुर्चीत सरसावून बसली.

"हॅलो, कोण? ब्रेडन? ब्रेडन, जेवलास का बाळा? … नुसते चिप्स? आई कुठे असते तुझी? … अरे अरे. बरं, ते वेस्टक्लिफचं काम. मी जाईन, पण पन्नासला नाही. … कारण तू तो रस्ता बघितला नाहीस. तू घोड्याएवढं एल्क हरीण बघितलंयस का कधी? फोटोत नाही रे, गाडीच्या काचेवर! … माझं वय? शहात्तर. … हो, एकटी जाणार. … नाही बाळा, तू वाईट नाहीस, तुला वरून सांगतात, मला कळतं. मग तू वरच्यांना विचार. मी थांबते. मला कुठे जायचंय?"

ती थांबली. थांबता थांबता तिने सहा मिरच्या सोलल्या. ब्रेडन परत आला. मग तिने त्याला एर्नीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला घेतली. ब्रेडन पुन्हा वरच्यांकडे गेला. लॉर्ना तोंडावर फडकं धरून हसू दाबत होती.

"एकशे दहा," फोन ठेवत वेस्टा म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "अगं, हे तर बिंगोपेक्षा भारी आहे!"

त्या कामाला दोघी मिळून गेल्या, कारण वेस्टाला घाटात गाडी चालवायला आवडायचं नाही. शिक्का वेस्टाचा, चाक लॉर्नाच्या हातात. एल्क काही दिसलं नाही. येताना वेस्टा म्हणाली, "हे मधले ब्रेडन लोक कशाला लागतात? घरांची खरेदी-विक्री पुरी करून देणारं ऑफिस तर आपल्याच गावात आहे. कागद तिथूनच निघतात ना?"

"त्यांच्या मॅनेजरला मी दोनदा पत्र पाठवलं. उत्तर नाही."

"मॅनेजर कोण?"

"कुणी कर्टिस बाका म्हणून आहे."

"कर्टिस बाका!" वेस्टाने टाळी वाजवली. "दात पुढे असलेला? उद्या जाऊ."

कर्टिस बाकाचे दात आता सरळ झाले होते आणि पोट पुढे आलं होतं. त्याने काचेतून वेस्टाला बघितलं आणि पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस खुर्चीतून ताडकन उठला, हातात ट्रे असल्यासारखा.

"मिसेस किंताना! तुम्ही मला दोनदा पुडिंग द्यायचात."

"तू तीनदा घ्यायचास. तिसऱ्यांदा माझी पाठ असायची तेव्हा. बस खाली. ही लॉर्ना पेर्को. गावातली सगळ्यात चांगली नोटरी आहे आणि तू तिच्या पत्राला उत्तर देत नाहीस."

कर्टिसने कान खाजवला. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. वरच्या ऑफिसने सांगितलं होतं की नोटरी शोधायची डोकेदुखी नको, मधल्या कंपनीला द्या. ती पाठवेल ते माणूस यायचं. कधी वेळेवर, कधी नाही. मागच्या महिन्यात एकाने शिक्काच उलटा मारला होता, आणि एकीने एका पानावर सही घ्यायची विसरल्याने एका कुटुंबाला घराचा ताबा मिळायला चार दिवस उशीर झाला होता.

"त्या कंपनीला तू एका कामाचे किती देतोस?" वेस्टाने विचारलं.

कर्टिस टेबलावरचा स्टेपलर सरळ करू लागला. "पावणेदोनशे."

लॉर्नाला वाटलं, आपण आता काहीतरी बोलणार आणि घोटाळा करणार. तिने ओठ घट्ट मिटले. एव्हनडेलच्या अंगणात जे झालं ते पुरे होतं. वेस्टा मात्र शांतपणे म्हणाली, "आणि मला त्यातले पंचेचाळीस मिळतात. बाकीचं पुडिंग कोण खातं रे कर्टिस?"

कर्टिस लाल झाला, मग हसला, मग खरंच विचारात पडला. शेवटी तो जपून बोलला. "एकदम सगळं काम नाही देता येणार. पण महिन्याला चार-पाच देऊन बघतो. थेट. एकशे चाळीस जमतील?"

"जमतील," लॉर्ना म्हणाली. तो एकच शब्द तिने त्या भेटीत उच्चारला, पण कर्टिसने पुढे सगळ्यांना सांगितलं की बाई फार मुद्देसूद बोलते.

एकदम भाग्य उजळलं असं काही झालं नाही. त्या हिवाळ्यात घरं कमीच विकली गेली आणि चार-पाचऐवजी कधी तीनच कामं आली. लॉर्ना आठवड्यातले दोन दिवस पुन्हा दाताच्या डॉक्टरकडे जायला लागली. आधी तिला ते खाली मान घालण्यासारखं वाटलं होतं. पण डॉक्टरने तिची खुर्ची तशीच ठेवली होती आणि पेशंट तिला नावाने हाका मारायचे, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या दोघांनी मृत्युपत्राच्या नोटरीसाठी तिचा नंबर घेतला. मृत्युपत्राला साक्षीदार लागायचे. वेस्टा साक्षीदार म्हणून जाऊ लागली. हॉस्पिटलमध्ये, वृद्धाश्रमात, कुणाच्या शेतावर. जांभळी गाडी घरीच असायची. मंगळवार भरला, मग बुधवारही भरला. साठ-सत्तरच्या टिंगा अजून वाजायच्या. लॉर्ना त्यातल्या गावातल्या आणि सोप्या तेवढ्या घ्यायची, आणि बाकीच्या वाजताना अंडी हातातच ठेवायची. ब्रेडनचा फोन मात्र वेस्टाकडे यायचा. कधी काम असायचं, कधी त्याला बीन्स शिजवायला किती वेळ लागतो ते विचारायचं असायचं.

एप्रिलमध्ये कर्टिसने एक काम दिलं. बेसेमर भागातलं छोटं घर, घेणारा एल्व्ही डोरन्स. पत्ता शोधत दोघी पोचल्या तर घर रिकामं, किल्ली अजून विकणाऱ्याकडेच. व्हरांड्याच्या पायरीवर एक उंच म्हातारा कोट-टाय घालून बसला होता, शेजारी काठी आणि पत्ते खेळायचं दुमडता येणारं टेबल.

"ऑफिसात नाही म्हटलं सह्या करायच्या," तो उठत म्हणाला. "सहासष्ट वर्षं भाड्याच्या घरात काढली. पहिलं घर घेतोय, तर त्याच्या दारातच सही करणार."

लॉर्नाने ओळखपत्र बघितलं. शहाऐंशी वर्षं. तिने कागदांचं पहिलं पान काढलं आणि नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं, "हे तीस वर्षांच्या मुदतीचं कर्ज…" आणि तिथे तिची जीभ अडखळली.

"तीसच," एल्व्ही डोरन्स म्हणाला. "बँकेतल्या पोरानेही असाच चेहरा केला होता. पगार नाही, पण रेल्वेची पेन्शन आहे. हप्ता भाड्याइतकाच बसतो. आणि दर उतरले की मी हे कर्ज बदलून घेणार. तेव्हा तुम्हीच या."

"येऊ," लॉर्ना म्हणाली, आणि तिला मनापासून हसू आलं.

तो पूर्ण नावाने सही करायचा, मधल्या नावासकट, एकेक अक्षर कोरीव. दीडशे पानांना अडीच तास लागले. शेजारच्या बाईने लिंबू सरबत आणून दिलं. समोरून शाळेची बस गेली, पोस्टमन आला आणि नव्या मालकाशी हात मिळवून गेला. वेस्टाला साक्षीदार म्हणून एकच सही करायची होती, ती पहिल्या पंधरा मिनिटांत झाली होती. उरलेल्या वेळात तिने घराला तीन फेऱ्या मारल्या, खिडकीला नाक लावून चूल गॅसची आहे का ते पाहिलं, आणि परसात जर्दाळूचं झाड सापडल्याची बातमी आणली.

"फुलावर आलंय," ती म्हणाली. "पण छाटणी कुणी केलेली नाही. कितीतरी वर्षं."

"मला झाडांतलं काही कळत नाही," डोरन्स म्हणाला. "मला पोल्का नाचता येतो."

"झाडाला त्याचा काय उपयोग?"

"झाडाला नाही."

वेस्टाने आपले शंखांचे डूल सारखे केले. शेवटच्या पानावर शिक्का पडला. लॉर्नाने पानं मोजली, पुन्हा मोजली, गठ्ठा पाकिटात घातला. कुरिअरची वेळ होत आली होती.

"चला, वेस्टा."

"तू हो पुढे," वेस्टा परसाकडे वळत म्हणाली. "यांना फांद्या कुठून कापायच्या ते दाखवते. मला सोडतील ते घरी. काय हो, गाडी तरी चालवता ना?"

"घाटातसुद्धा," डोरन्स म्हणाला, आणि काठी न घेताच तिच्यामागून निघाला.

लॉर्ना गाडीत बसली. पाकीट शेजारच्या सीटवर ठेवून तिने त्याला पट्टा लावला आणि एकटीच हसत कुरिअरच्या दिशेने निघाली.